मांडीचं माप

गिटार डुगडुगली. फार नाही, जराशीच. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं, पण कवळीकरांचा सारा जन्म डुगडुगणाऱ्या गोष्टी हुडकण्यात गेला होता. त्यांनी श्वास रोखला आणि डाव्या अंगठ्याने गिटारीची मान हलकेच दाबली. उजवीकडची कड वर आली. कड दाबली, मान वर आली. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. तीन-चार वर्षं खपून केलेलं वाद्य, आज पहिल्यांदा तारा चढवलेलं, हात धुऊन, नखं कापून, धुतलेली विजार घालून मोठ्या थाटात मांडीवर आडवं घेतलेलं, आणि ते बसत नव्हतं. कोपऱ्यात शिलाई मशीनवर बायको कुणाचा तरी झगा उसवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय झालं?" "काही नाही, तारा जुळवतोय," असं म्हणून कवळीकरांनी चांगली जुळलेली तार उगाच उतरवली आणि पुन्हा चढवली. आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, सुरू झालं की सांगा, मी येते ऐकायला." ते म्हणाले, "हो हो, सांगतो." मग त्यांनी पाय जवळ घेतले, लांब केले, एक चवडा उचलून पाहिला, सोफ्यावर पुढे सरकले, मागे सरकले. शेवटी आज हवा दमट आहे, लाकूड नरम पडलंय, असं कुणीही न विचारता जाहीर करून त्यांनी गिटार उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. आणि एवढी उंच कपाटावर ठेवायला आपण स्टूलही घेतलं नाही, टाचाही उचलल्या नाहीत, हे लक्षात येऊन त्यांना थोडं बरं वाटलं. निदान उंची तरी होती तेवढीच होती.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला आठवत नसे. दाताच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टरबाई लोकांच्या तोंडात बघत आणि मागच्या खोलीत हे लोकांची तोंडं घडवत, म्हणून ते कवळीकर. मागच्या खोलीत चार भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे होते, वरचे आणि खालचे, आ वासलेले. नवा माणूस त्या खोलीत आला की बिचकायचा. कवळीकरांना मात्र त्या जबड्यांची माणसांपेक्षा जास्त ओळख होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर चेहरा आठवायचा नाही, पण तो हसला की लगेच, अरे हे तर डाव्या बाजूला उंच हिरडी असलेले. त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी दोनच: लागतंय आणि हलतंय. लागतंय म्हटलं की ते मुकाट्याने घासून द्यायचे. हलतंय म्हटलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. चष्मा कपाळावर चढवून, कवळी उजेडात धरून, ते समजुतीच्या आवाजात सांगत, "कवळी होती तशीच आहे. तोंड बदललंय तुमचं." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की त्याला आता घासून घासून चमक आली होती. माणूस निरुत्तर व्हायचा, तोंड मिटून निघून जायचा. आपलं तोंड आपल्या नकळत बदलतं, हिरड्या आतल्या आत झिजत जातात आणि एका सकाळी आपली वस्तू आपल्यालाच बसत नाही, हे ऐकून माणसाला काय वाटत असेल याचा विचार करायची कवळीकरांवर कधी वेळ आली नव्हती. ती आता आली. ते सोफ्यावर रिकाम्या मांडीने बसले होते आणि डोक्यात त्यांचाच समजुतीचा आवाज ऐकू येत होता: गिटार होती तशीच आहे.

कुठल्याही शहाण्या माणसाने गिटारीची पाठ सपाट केली असती. सपाट वस्तू कुणाच्याही मांडीवर बसते. पण माप घेतल्याशिवाय काही करणं कवळीकरांच्या रक्तातच नव्हतं. शरीरावर जे टेकणार ते शरीराबरहुकूम हवं, आणि मांडीवर ठेवून वाजवायचं वाद्य म्हणजे शेवटी मांडीची कवळीच, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी दवाखान्याची किल्ली घेऊन ते मागच्या खोलीत गेले, विजार काढून खुंटीला लावली, स्टुलावर बसले, तसराळंभर प्लास्टर कालवलं आणि स्वतःच्या दोन्ही मांड्यांवर थापलं. तोंडात केस नसतात, हा विचार त्यांच्या मनात आला तो प्लास्टर घट्ट झाल्यावर. शिवाय प्लास्टर जमताना तापतं. पेशंटला ते नेहमी सांगत, थोडं गरम लागेल, घाबरू नका. ते घाबरले नाहीत. फक्त त्यांना घाम फुटला आणि स्टुलावरून उठता येईना. नेमक्या त्याच वेळी विसरलेला चष्मा न्यायला डॉक्टरबाई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं. "कवळीकर, काय करताय?" "माप घेतोय." "कशाचं?" "मांडीचं." डॉक्टरबाईंनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. "पेशंट कोण आहे?" "मीच." बाईंनी दार हळूच लावून घेतलं आणि बाहेरून विचारलं, "पाणीबिणी हवंय का?" तो साचा निघाला तेव्हा कवळीकरांच्या तोंडून जो आवाज आला, तसा आवाज त्या दवाखान्यात दात उपटतानाही कुणी काढला नव्हता. साचा मात्र सुरेख आला होता. त्याच्यावर त्यांनी वाफवून नरम केलेली फणसाची पातळ फळी दाबली, आवळली आणि वाळू दिली. फळी साच्यावरून उचलली तेव्हा तिच्यात दोन खळगे उमटले होते, उजवा जरा खोल, डावा उथळ. आपली मांडी इतकी देखणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

लाकडं सगळी इथलीच. वखारवाल्याने गुळगुळीत परदेशी फळ्या दाखवल्या होत्या, पण कवळीकर ऐकेनात. रस्ता रुंद करताना तोडलेला फणस, कुणाच्या मोडक्या पलंगाचं शिसव, खुंट्यांना बाभूळ, तारा ज्या घोडीवरून जातात ती चिंचेची. वखारवाला म्हणाला, "साहेब, याचं एक टीपॉय करा, नातवंडं नाव काढतील." कवळीकरांनी फळी कानाशी नेऊन बोटाने वाजवली आणि म्हणाले, "हिच्यात सूर आहे." वखारवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारला. पुढे ती लाकडं दवाखान्याच्याच हत्यारांनी घडली. कवळ्यांना चकाकी आणायच्या चाकावर गिटारीला चकाकी आली, मेण वितळवायच्या डबीत सरस वितळला, आणि मधल्या काळात एकदोन पेशंटांनी नव्या कवळीला सरसाचा वास येतो अशी तक्रार केली. गिटार आकाराला आली तेव्हा मुलीने ती पहिल्यांदा नीट पाहिली. नेहमीच्या गिटारीच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, बोटं दाबायला. हिला त्या नव्हत्या. तारांवरून स्टीलची कांडी सरकवायची, की सूर कुठेही न अडता घसरत जातो. मुलगी मानेवरून हात फिरवून म्हणाली, "बाबा, जन्मभर दात बसवलेत आणि गिटार केलीत ती बोळकी." तेव्हापासून घरात गिटारीचं नाव बोळकी पडलं. बोळकी कुठे ठेवलीय, बोळकीवर धूळ बसलीय, बोळकी आधी उचला मग मी केर काढते.

तो घसरणारा सूर कवळीकरांनी पहिल्यांदा ऐकला तोही दाताच्याच दवाखान्यात. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते, गाल सुजला होता, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून बाहेरच्या बाकावर पडले होते. आत कुणीतरी विव्हळत होतं. कोपऱ्यात रेडिओ होता. त्याच्यातून एक सूर आला आणि तो पायऱ्या न मोजता वर गेला, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी न मारता नुसता सरकत, ओल्या फरशीवरून साबण जावा तसा. वर थोडा थरथरला आणि तितक्याच सावकाश खाली आला. दुखणं त्याच्याबरोबर वर गेलं आणि खाली यायचं विसरलं. आईची मांडी कशी होती हे मात्र त्यांना आठवत नसे. तिच्या लुगड्याचा खरबरीतपणा गालाला आठवत होता, सुजलेल्या गालाला, पण मांडी म्हणून वेगळी काही आठवत नव्हती. आणि विचार केला तर मांडी म्हणून काही वेगळं असतं तरी कुठे? माणूस बसला की ती तयार होते, उठला की नाहीशी होते. हात रात्रंदिवस हातच असतो, पण मांडी बसण्यापुरतीच. असे विचार करत कवळीकर गिटार डुगडुगली त्या आठवड्यात बसमध्ये लोकांच्या मांड्या न्याहाळत बसले. कुणाच्या मांडीवर दप्तर, कुणाच्या डबा, कुणाच्या मांडीवर दुसऱ्याचं मूल. एका भरल्या अंगाच्या बाईंनी पदर सावरून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पुढच्याच थांब्यावर उतरले आणि दवाखान्यापर्यंत चालत गेले. तेवढाच व्यायाम, असं त्यांनी मनाला सांगितलं.

कारण दुखणं काय आहे ते त्यांना कळलं होतं. मधल्या काळात पोट सुटलं होतं. पोट बसायला जागा मागतं, म्हणून मांड्या एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या, आणि फणसाच्या फळीतले खळगे अजून जुन्या जागीच होते, चार वर्षांपूर्वीच्या सडपातळ गृहस्थाची वाट बघत. घरी त्यांनी हे अखेर कबूल केलं. बायकोने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. अंगाला बरोबर बेतलं की वर्षात उसवतं. माया ठेवायची असते शिवणीत, चार बोटं कापड आत दुमडून. माणूस काय आहे तेवढाच राहतो का?" "लाकडात कशी ठेवणार माया?" "मग सपाट करायची." मुलगी म्हणाली, बाबा, दोष मांडीचा नसेल, बसण्याचा असेल; माप स्टुलावर घेतलंत आणि वाजवताय सोफ्यावर. कवळीकर उडालेच. इतकी साधी गोष्ट! दुसऱ्या दिवशी दवाखान्यातलं स्टूल डोक्यावर घेऊन ते भर बाजारातून घरी आले, चार ओळखीच्या जबड्यांनी हसून नमस्कार केला, ते मान डोलवायला गेले आणि स्टूल घसरून पायावर पडलं, पण आनंद इतका होता की पायाचं नखही दुखलं नाही. स्टुलावर बसले, गिटार घेतली. ती डुगडुगली. शिवाय स्टूलही डुगडुगलं, कारण पडताना त्याचा एक पाय ढिला झाला होता. मुलगी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. ते त्यांना ऐकू आलं, आणि राग यायच्या ऐवजी त्यांना एकदम आठवलं की हीच मुलगी दात हलायला लागला की धावत येऊन मांडीवर बसायची. एरवी नाही, एरवी तिला खेळायचं असायचं. पण हलणारा दात फक्त बाबांनी बघायचा, मान मागे टाकून, तोंड उघडून, डोळे गच्च मिटून. दात एकेक करून पडले, नवे आले, ते भक्कम निघाले, आणि तिचं मांडीवर येणं थांबलं. मांडी तेव्हापासून रिकामी होती. आपण गिटार कशाला करायला घेतली, असं कुणी विचारलं की ते रेडिओची गोष्ट सांगत. ती खरीच होती. पण ही दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही आत्ताच कळली होती, आणि ती कळून त्यांना फार वाईट वाटलं.

इलाज नव्हते असं नाही. कवळी सैल झाली की तिला आतून गुलाबी अस्तर देतात, हिरडीच्या रंगाचं. गिटारीच्या पाठीलाही देता आलं असतं. एका दुपारी त्यांनी मसाला कालवायलाही घेतला होता, पण फणसाच्या पिवळ्याधमक लाकडाला खालून हिरड्या फुटलेल्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांनी तो तसाच टाकून दिला. शिवाय अस्तराने सूर दबला असता. घासावं म्हटलं तर फळी आधीच इतकी पातळ की घासणीचे चार हात जास्त पडले तर आरपार. उरला एक उपाय, पोट कमी करायचा, आणि तो आठ दिवस इमानेइतबारे करून त्यांची चिडचिड तेवढी वाढली. अशा मनःस्थितीत असताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "कवळीकर, त्या तुमच्या मांडीच्या मापाचं काय झालं पुढे?" त्यांनी गिटार नेऊन दाखवली. बाई हरखल्या. "किती सुंदर! वाजवून दाखवा ना." "वाजवायची नाही ती," कवळीकर म्हणाले. हे त्यांच्या तोंडून कसं निघालं त्यांना कळलं नाही. "बसत नाही मला" म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं एवढंच. "शोभेची आहे?" "हो." "मग बाहेरच्या खोलीत लावू या! हिरड्यांच्या तक्त्याशेजारी ती भिंत मोकळीच आहे. भिंतीला आधी रंग देऊ, तोवर घरीच राहू द्या; रविवारी आमचे हे गाडी घेऊन येतील, तुमच्याकडून घेऊन जातील." कवळीकर हो म्हणाले. हो म्हणताना छान वाटलं, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं. मग मागच्या खोलीत येऊन स्टुलाच्या जागी ठेवलेल्या खोक्यावर ते बसले, आणि भिंतीला खिळ्यावर लटकलेली बोळकी त्यांना दिसायला लागली. गाल धरून बसलेली माणसं तिच्याकडे बघणार. धूळ पुसणारी बाई फडकं मारताना एखादी तार चुकून छेडणार, आणि तेवढाच काय तो तिचा आवाज. भिंतीवर गेलेली वस्तू खाली येत नाही. गेली की गेली.

त्याच दुपारी सफरचंद-आजी आल्या. त्या कधीकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि कवळी बसवल्यापासून त्यांची एकच मागणी होती: सफरचंद अख्खं, न कापता, कचकन चावता आलं पाहिजे. दर थोड्या दिवसांनी त्या येऊन हलतंय म्हणत, आणि कवळीकर आपलं वाक्य ऐकवत. आजही त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. कवळीकरांनी चष्मा कपाळावर चढवला, कवळी उजेडात धरली, तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर पडेना. आजी बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "बोल की. तोंड बदललंय म्हण." "बदललंय आजी," कवळीकर म्हणाले, "पण म्हणून तुम्ही काय करणार?" आजींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "बरं नाही का रे तुला? हे बघ, ही तुझी कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवली की फार छान दिसते. आलेगेले कौतुक करतात, काय सुबक काम आहे म्हणतात. पण मला ती दाखवायची नाही, मला सफरचंद खायचंय." कवळीकरांना हे भलतीकडेच लागलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "नवं माप घेऊ या. जुनी राहू द्या." आजी म्हणाल्या, "इतके दिवस हे बोलायला काय झालं होतं?" आणि तोंड उघडून खुर्चीत मागे रेलल्या. कवळीकरांनी माप घेतलं. आजींसाठी नवी कवळी करता येत होती. फणसाची पाठ उकलून नवी बसवायची तर सगळी गिटारच उकलावी लागणार होती, आणि ती पुन्हा जुळेल याची त्यांना खात्री नव्हती, ना डोळ्यांची, ना हातांची.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "अशीच उघडी देणार का ती? गाडीत ओरखडे पडतील. पडद्याचं जाड कापड उरलंय, खोळ बेतते पटकन. घ्या मांडीवर." "टेबलावर ठेवून घे की माप." "टेबलावर झगे आहेत, त्यांच्यावर खडूच्या खुणा आहेत, त्या विस्कटल्या तर तुम्ही काढून देणार का? घ्या म्हणते ना." कवळीकर सोफ्यावर बसले आणि त्यांनी गिटार मांडीवर घेतली. ही शेवटचीच वेळ, असं मनात आलं. बायको टेप आणि टाचण्या घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसली. टाचण्या तिने ओठांत धरल्या, म्हणून ती बोलत होती ते दातांच्या फटीतून. तिने मानेच्या टोकाला टेप लावली, गिटार डुगडुगली, टेप निसटली. "हलवू नका." "मी नाही हलवत, ती हलते." "मग धरा." "धरलीय की." "कुठे धरलीय? उभ्या वस्तूचं माप घेता येतं, आडव्या वस्तूचं घेता येतं, नाचणाऱ्या वस्तूचं कसं घ्यायचं?" पुन्हा टेप, पुन्हा डुगडुग. मग ती वैतागली. मशीनवर जाड पडदे शिवताना कापडाचं ओझं खाली लोंबायला लागलं की ती ते सरळ आपल्या मांडीवर घेते, मशीनला ओढ बसू नये म्हणून. तसंच तिने आताही केलं. "सरका," म्हणाली, कवळीकरांना कमरेने ढकललं, अगदी चिकटून बसली, आणि आपली उजवी मांडी गिटारीच्या मानेकडच्या बाजूखाली सारली.

गिटार बसली. टक् असा बारीक आवाज झाला. तो आवाज कवळीकरांनी झोपेतही ओळखला असता. बरोबर मापाची कवळी हिरडीवर बसते तेव्हा तोच येतो, आणि त्यासाठीच ते इतकी वर्षं कान लावून काम करत आले होते. उजव्या खोल खळग्यात त्यांची डावी मांडी, डाव्या उथळ खळग्यात तिची उजवी. मध्ये फट नव्हती. त्यांनी उजव्या अंगठ्याने मान दाबली. ढिम्म. कड दाबली. ढिम्म. "झालं, आता असंच धरा," बायको टाचण्यांमधून म्हणाली आणि उठायला लागली. "हलू नकोस," कवळीकर म्हणाले. "का?" "हलू नकोस म्हणतो ना!" इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याशी या आवाजात बोलायचं धाडस केलं नव्हतं. तिने आश्चर्याने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. कवळीकरांनी उजव्या हाताने तार छेडली. ती पहिल्यांदा पुरती वाजली, पोटातून, खालच्या लाकडासकट, आणि तो नाद दोघांच्या मांड्यांमध्ये उतरला. "अगंबाई," बायको म्हणाली, "गुदगुल्या होतात."

आता कांडी सरकवायची. पण कवळीकरांचा डावा हात दोघांच्या मध्ये खांद्यापासून अडकला होता, आणि तो काढायचा तर तिला सरकावं लागलं असतं. कांडी सोफ्यावर पडली होती, तिच्या हाताशीच. "हे काय करायचं असतं?" तिने ती उचलून विचारलं. "तारेवर टेकवून सरकवायचं. दाबायचं नाही." "इस्त्रीसारखं?" "रेशमावर फिरवतेस तसं." त्यांनी तार छेडली, तिने कांडी टेकवली आणि सरकवली, आणि असा काही विव्हळता आवाज निघाला की मुलगी आतून धावत आली. "काय झालं? कुणाला लागलं?" आईबाबा सोफ्याच्या एका कोपऱ्यात, बाकीचा सोफा रिकामा सोडून, एकमेकांना खेटून बसलेले तिने कधी पाहिले नव्हते. ती दारातच थांबली. "पुन्हा," बायको म्हणाली. "मी मध्येच थांबले. शिलाई मध्येच थांबली की टाका सुटतो." त्यांनी छेडली. या वेळी तिचा हात थांबला नाही. कापड सुईखालून जावं तसा तो एका वेगाने, सरळ, न घाबरता गेला, आणि सूर वर चढला, कुठेही पाय न टेकता, वर जाऊन जरासा थरथरला आणि खाली आला. कवळीकरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. त्यांना ते पुसता येईना, कारण एक हात अडकलेला आणि दुसरा तारांवर. बायकोने ते पाहिलं आणि कांडी पुन्हा मानेच्या टोकाला नेली. मग म्हणाली, "म्हणजे ही वाजवायची तर दर वेळी मी इथे येऊन बसायचं?" "हो." "आणि माझी कामं कोण करणार?"

खाली गाडीचा भोंगा वाजला. मुलगी खिडकीतून डोकावली. "बाबा, डॉक्टरबाईंकडची गाडी आली. ते काका वर बघतायत. काय सांगू?" शब्द कवळीकरांनी दिला होता, तोही स्वतःच्या तोंडाने, आणि तो परत कसा घ्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. ते बायकोकडे बघूही शकले नाहीत. फक्त तिची मांडी अजून जागेवर आहे एवढं त्यांना कळत होतं. बायकोने आजवर एकाही गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवलं नव्हतं. जागरणं केली, ताप अंगावर काढला, पण दिलेल्या दिवशी कपडा तयार. बाकीचे शिंपी उद्या या, परवा या म्हणतात, त्यांना ती नावं ठेवायची, आणि वेळेवर देणारी म्हणून चार गल्ल्यांत तिचं नाव होतं.

"सांग त्यांना," ती मुलीला म्हणाली, "खोळ झाली नाही अजून."

"मग कधी या म्हणू?"

"उद्या नाही, परवाही नाही. हातात दुसरं काम आहे म्हणावं." आणि कवळीकरांकडे वळून ती म्हणाली, "छेडा."